दूरचित्रवाणी वृत्तक्षेत्रातील प्रारंभ आणि मराठीचे अध्यापन

दूरचित्रवाणी वृत्तक्षेत्रात जाऊ इच्छिणारा विद्यार्थी मार्गदर्शनासाठी येतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा वृत्तनिवेदकाचे आसन असते. प्रत्यक्षात या क्षेत्राचे प्रवेशद्वार निराळे आहे आणि मराठीच्या प्राध्यापकांना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे हे निवेदक बातम्यांमुळे घरोघर पोहोचले आणि बातमीदारी म्हणजे पडद्यावर दिसणे, ही समजूत रूढ झाली. २००७ मध्ये झी २४ तास व स्टार माझा (२०१२ पासून एबीपी माझा) आणि २००८ मध्ये आयबीएन लोकमत या वाहिन्या आल्या. अहोरात्र प्रसारणामुळे पडद्यामागील माणसांची गरज वाढली. वृत्तकक्षाचे इनपुट व आउटपुट असे दोन विभाग असतात. बातमी मिळविणे हे पहिल्याचे, तर ती प्रसारणयोग्य करणे हे दुसऱ्याचे काम. नवपदवीधरास सामान्यतः आउटपुट डेस्कवर टिकर लिहिणे, बाइट निवडणे, दृश्यांवरील निवेदन तयार करणे अशी कामे मिळतात.

येथेच आपल्या अध्यापनातील उणीव उघड होते. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली संपन्न झालेल्या आढावा बैठकीत पाणीटंचाई निवारणार्थ टँकर सुरू करण्याचा निर्णय घेण्यात आला’ हे वाक्य आपण निर्दोष मानतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे खरी बातमी कळेपर्यंत श्रोत्याला सारी विशेषणे लक्षात ठेवावी लागतात. वाचकाप्रमाणे तो मागे वळू शकत नाही. शिवाय ‘घेण्यात आला’ या कर्मणी रचनेत निर्णय घेणारा लपतो. डेस्कवर हीच बातमी ‘गावाला आता टँकरने पाणी मिळणार. जिल्हाधिकाऱ्यांनी तसा आदेश दिला आहे’ अशी होते. आटलेली विहीर पडद्यावर दिसत असेल, तर ती आटली आहे हे शब्दांत सांगावे लागत नाही. दृश्य जे सांगत नाही, ते शब्दांनी सांगावयाचे असते.

विदर्भ, खानदेश वा मराठवाड्यातील विद्यार्थी उच्चारांच्या न्यूनगंडामुळे हे क्षेत्र टाळतात. निवेदनासाठी उच्चारसराव लागतोच. डेस्कवर मात्र ‘ण’ आणि ‘न’ यांच्या उच्चारावाचून फारसे अडत नाही. ‘निवेदक बनवू’ अशी जाहिरात करणाऱ्या खाजगी वर्गांचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांना एवढे तरी कळावयास हवे. प्रमुख वाहिन्यांची मुख्यालये मुंबई परिसरात आहेत, कामात रात्रपाळी असते आणि पहिल्या वेतनातून तेथील घरभाडे भागवावे लागते, हेही स्पष्ट सांगावे. जिल्ह्यात राहून स्ट्रिंगर होता येते. पण तेथे मोबदला बहुधा बातमीमागे मिळतो.

तासिकेत यासाठी स्टुडिओची आवश्यकता नाही. सह्याद्री वाहिनीवरील एखादी बातमी आवाज बंद करून दाखवावी, विद्यार्थ्यांकडून त्या दृश्यांवर निवेदन लिहून घ्यावे आणि घड्याळ लावून ते मोठ्याने वाचावयास सांगावे. पहिल्या खेपेस बहुतेकांचे निवेदन दृश्ये संपल्यावरही सुरूच राहते. कोणते शब्द गाळावयाचे, ही चर्चा तेथून सुरू करता येते.