नवशिकीचें लुगडें

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवल दिसूं लागलें आहे. ज्या मुली एरवीं सलवार-कुडत्यांत किंवा जीनच्या विजारींत कॉलेजला जातात, त्यांतील कांहींजणींना सणावाराला नऊवारी लुगडें नेसावेंसें वाटतें. अमरावतीस अंबादेवीच्या नवरात्रांत अशा मुली दिसतात, अकोल्यास पाडव्याला दिसतात. मुंबईस गिरगांवच्या शोभायात्रेंत तर त्या कासोटा घालून मोटारसायकली चालवितात. कोणी याला नाटकीपणा म्हणतात. परंतु जुन्या वेषाची ही हौस कांहीं एकट्या आपल्याकडची नव्हे. जपानांत तोकियो शहराच्या हाराजुकू भागांत कित्येक मुली युरोपांतील गतकालीन धर्तीचे झालरींचे, घेरदार झगे 'लोलिता' या नांवानें हौसेनें घालीत आल्या आहेत. त्या वेषाला वाहिलेलें एक नियतकालिकहि तेथें २००१ सालीं निघालें होतें. तेथील व येथील नवशिकीची अडचण एकच. कपाट कोठून भरावें, आणि भरल्यावर तें अंगावर घालून रस्त्यावर उतरण्याचें धैर्य कोठून आणावें?

आपल्या मुलीची अडचण थोडी अधिक आहे. तिची आई सहावारी नेसते. नऊवारी शिकविणारें माणूस घरांत बहुधा उरलेलें नसतें. ही परंपरा कां तुटली हें तिला सांगितलें पाहिजे. सकच्छ नेसणें हा एके काळीं आपल्या घरांत स्त्रियांच्या खुषीचा प्रश्न नव्हता. 'गोल' नेसणाऱ्या सुनेला विकच्छ म्हणून बोल लावीत, आणि विधवेच्या वांट्याला तांबडें आलवण येई. माझ्या आजीनें जन्मभर तें आलवणच नेसलें. तिला कोणता रंग आवडे हें आम्हां कोणालाहि ठाऊक नाहीं. पुढील पिढीनें सहावारी पत्करली ती संस्कृति बुडविण्यासाठीं नव्हे, सोयीसाठीं व थोडी सुटकेसाठींहि. आजची मुलगी तेंच लुगडें आपल्या मर्जीनें हातीं घेते. तिला संस्कृतिरक्षक म्हणून डोक्यावर घेणारे वडीलधारे हा फरक विसरतात, आणि दुसऱ्या दिवशीं ती विजार घालून आली कीं तोंड वांकडें करितात.

आतां कपाटाविषयीं. पहिलें लुगडें पैठणी असूं नये. रेशीम निसरडें, किंमत भारी. तें जपण्याच्या भीतीनें मुलगी दोन तास काठीसारखी उभी राहते. पहिलें लुगडें सुती असावें. ज्या प्रांताचा संसार कापसावर चालला, तेथील लेकीला हें निराळें सांगावयास नको, आणि अकोल्याच्या वैशाखांत तर मुळींच नको. इरकली या कामीं उत्तम. कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत इलकल नांवाचें गांव आहे, त्यावरून हें नांव पडलें. जुन्या पद्धतीच्या इरकलींत अंगाचा ताणा सुती आणि पदराचा तांबड्या रेशमाचा असतो; हे दोन ताणे मागावरच फांसे घालून एकमेकांत गुंतवितात. घेतांना दुकानांत लांबी मोजून घ्यावी. नऊ वार म्हणजे २७ फूट, सुमारें ८.२ मीटर. आज बाजारांतील बहुतेक माल ५.५ मीटरचा असतो, आणि तेवढ्यांत कासोटा येत नाहीं. सोबत एक खणाची चोळी शिवावी आणि तेथेंच थांबावें. दुसरें लुगडें पहिलें दहा वेळां नेसून झाल्यावर. पुढें केव्हां तरी सवडीनें आपल्या विदर्भांतली करवतकांठी पाहावी. भंडाऱ्याकडील टसराचें तें वस्त्र, कांठाला करवतीसारखे दांते. पैठणीला लग्नकार्य येईलच.

नेसण्याचें म्हणाल तर संधिनियम पाठ करून जसें संस्कृत बोलतां येत नाहीं, तसें नुसत्या चित्रफिती पाहून लुगडें नेसतां येत नाहीं. नवें सुती लुगडें दोनदां धुवून त्याची खळ काढावी. आंत परकर नको, आंखूड तंग विजार असावी. कमरेची गांठ हीच सर्वांचा पाया. ती सैल पडली कीं निऱ्या आणि कासोटा, सगळेंच ढासळतें. गांठ पक्की झाली कीं घरांतच मांडी घालून बसावें, जिना चढावा, पाणी भरावें, स्कूटरवर टांग टाकून पाहावी. पहिल्या चार वेळां कासोटा सुटेल. तो घरांत सुटलेला बरा. मुलींना भीति वाटते ती लोकांच्या हंसण्याची असें त्या म्हणतात. माझ्या मतें ती निम्मी गांठीची असते. २०१८ सालीं मुंबईच्या क्रांति साळवी नऊवारी नेसून बर्लिनची ४२ किलोमीटरांची मॅरॅथॉन ३ तास ५७ मिनिटांत धावल्या. ज्या गांठीनें तेवढें सोसलें, ती राजकमल चौकापर्यंत खास टिकेल.

उरलेली निम्मी भीति लोकांचीच. पहिली फेरी पहाटे देवळापर्यंत असावी, दुसरी मैत्रिणीकडच्या हळदीकुंकवाला, कॉलेज सर्वांच्या शेवटीं. 'आज नाटकांत काम आहे वाटतें?' असें कोणी तरी विचारणारच. 'नाहीं, आज मंगळवार आहे' एवढें उत्तर पुरे.

शिवलेली तयार नऊवारी मिळते. नाचाच्या कार्यक्रमाला ती ठीक आहे. पण ती गाईड वाचून परीक्षा देण्यासारखी आहे, निभावतें खरें, हाताला मात्र कांहीं येत नाहीं. शिवाय कापलेलें वस्त्र बहिणीला वा वहिनीला नेसावयास देतां येत नाहीं. दागिन्यांत एक दाबाची नथ पुरे. नथ, ठुशी, तन्मणी, चिंचपेटी सगळें एकदम चढविलें कीं मुलगी दिसत नाहीं, सराफाची पेढी दिसते.

घरांत जुनी पेटी असेल तर कांहीं विकत घेण्यापूर्वीं ती उघडावी. जुनें रेशीम घडीवर विरतें, म्हणून प्रत्येक घडी उजेडासमोर धरून पाहावी. विरलेलें लुगडें कासोट्याचा ताण सोसत नाहीं. पदर धड असल्यास त्याची चोळी होते. आणि पेटीच्या तळाशीं एखादें आलवण निघालें, तर तें कोणाचें होतें हें आईला विचारून घ्यावें.