कॉम्प्युटर चालू होताना अडकतोय? फॉरमॅट मारायच्या आधी तो कुठं थांबतो ते बघा

औसा (प्रतिनिधी) : जुलैचे शेवटचे दिवस आले की गावोगावच्या सेवा केंद्रांपुढं सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन रांगा लागतात. पीकविम्याची तारीख जवळ आलेली असते आणि नेमकं त्याच वेळी आतून आवाज येतो, "थांबा जरा, कॉम्प्युटर हँग झालाय." बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचं नाव येतं आणि मशीन तिथंच बसकण मारतं. सेवा केंद्र असो, दूध संकलन असो, सोसायटी असो की पोरांच्या अभ्यासाचा घरचा कॉम्प्युटर, हा अनुभव बहुतेकांना आलेला आहे. त्यावर गावात एकच औषध ठरलेलं आहे, 'फॉरमॅट मारून आणा.'

मीही तेच केलं होतं. माझ्याकडं जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. बातम्या त्यावरच टाइप करतो, घरच्यांच्या बचत गटाचा हिशोबही त्यातच असतो. एक दिवस तो सुरुवातीच्या लोगोवर अडकला. दोन-तीनदा बंद-चालू केला, फरक नाही. डबा उचलला, मोटारसायकलवर बांधला आणि शहरातल्या एका दुकानात नेऊन ठेवला. दुकानदारानं चालू करून न बघताच सांगितलं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." मी म्हणलं मारा. संध्याकाळी घरी आणून सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं, तर पुन्हा त्याच लोगोवर येऊन थांबला.

मग गावातल्या एका सरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठं थांबतोय? मदरबोर्डच्या लोगोवर का विंडोजच्या?" मला तर हे दोन वेगळे असतात हेच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सोडून मागं-पुढं जे काय खोचलंय ते सगळं काढा." कॅमेऱ्याचं कार्ड वाचायचं एक जुनं रीडर पुढच्या यूएसबीत कायम अडकवलेलं असायचं. ते काढलं आणि मशीन मिनिटभरात चालू झालं. दुकानात नेताना रीडर घरीच राहिलं होतं. म्हणजे तिथं मशीन नुसतं लावून बघितलं असतं तरी ते चालू झालं असतं. विंडोजला काहीच झालेलं नव्हतं.

बचत गटाचा हिशोब कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरता आला. फोटो मात्र गेले. त्यात वडिलांचा तिफणीवर हात ठेवून उभा असलेला एक फोटो होता. ते गेल्यावर मोठा करून लावायचा म्हणून जपून ठेवला होता. त्या दिवसापासून हा विषय नीट समजून घेतला. जे कळलं ते साध्या भाषेत इथं देत आहे.

आधी चालू होण्याचा क्रम समजून घ्या

शेतात पाणी आलं नाही तर आपण लगेच मोटर वर काढत नाही. लाईट आहे का, तिन्ही फेज आहेत का, स्टार्टर उचलतोय का, व्हॉल्व उघडा आहे का, हे ओळीनं बघतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. तो चार टप्प्यांत चालू होतो.

१) बटण दाबलं की डब्यातला पॉवर सप्लाय, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो २३० व्होल्टचा करंट घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत देतो.

२) मग मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो. या वेळी पडद्यावर मदरबोर्ड किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं.

३) सगळं ठीक असेल तर तो डिस्कवरचं विंडोज शोधून चालू करतो. तेव्हा गोल फिरणारे ठिपके दिसतात.

४) शेवटी पासवर्ड, डेस्कटॉप आणि आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम.

फॉरमॅटचा संबंध फक्त तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याशी आहे. पहिल्या दोन टप्प्यांत मशीन अडकत असेल तर विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. फॉरमॅटनं तिथला दोष जात नाही, डेटा मात्र जातो.

खरंच अडकलाय का?

कीबोर्डवरचं नम लॉक किंवा कॅप्स लॉकचं बटण दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुतेक जिवंत आहे, फक्त कामात आहे. डब्याच्या पुढचा डिस्कचा बारका दिवा लुकलुकत असेल तरी थोडं थांबा. अपडेट चालू असल्याचं पडद्यावर लिहिलेलं असेल तर तास लागला तरी बंद करू नका. मध्येच वायर उपसली तर चांगलं विंडोजही बिघडू शकतं. दिवा हलत नाही, बराच वेळ काहीच बदल नाही, तर मशीन अडकलं समजा.

पडद्यावर काहीच येत नसेल तर

आधी मॉनिटरची पॉवर आणि दोन्ही टोकांची केबल बघा. मग डब्याची वायर भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. झाकण उघडा. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्या उघडून काढा. तिची सोनेरी कडा पेन्सिल खोडायच्या रबरानं हलकी घासा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. आपल्याकडच्या धुळीत हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

बीप-बीप आवाज येत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. किती वेळा, लांब की आखूड, यावरून जाणकाराला बिघाड कळतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते.

एक सावधगिरी. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो.

कंपनीच्या लोगोवर थांबत असेल तर

माझ्यासारखं करा. प्रिंटर, पेन ड्राईव्ह, अंगठ्याचं मशीन, कार्ड रीडर सगळं काढा. चालू झाला तर एक-एक लावत जा. ज्याच्यावर अडकेल तो दोषी.

तरीही अडकला तर मशीन बंद करून, भिंतीतली वायर काढून, डिस्कला जाणारी चपटी डेटा केबल काढा आणि पुन्हा चालू करा. आता तो पुढं जाऊन 'डिस्क सापडत नाही' असा इंग्रजी संदेश दाखवत असेल तर दोष डिस्कमध्ये किंवा त्या केबलमध्ये आहे. केबल स्वस्तातली गोष्ट आहे, आधी ती बदलून बघा.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपला की घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जातं आणि मशीनच्या आतल्या सेटिंग पुसल्या जातात. कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं हेही मग मशीन विसरू शकतं. तारीख चुकली की सरकारी पोर्टल, बँकेच्या साइटही उघडत नाहीत, आणि लोक उगाच नेटला शिव्या देतात. सेल बदला, तारीख नीट करा.

ठिपके फिरत राहत असतील तर

इथं विंडोज किंवा डिस्क, दोघांपैकी एकाचा दोष असतो. सेफ मोडमध्ये चालू करून बघा. सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक तेवढंच घेऊन विंडोज चालू करणं. विंडोज ७ मध्ये सुरुवातीला एफ ८ दाबत राहावं लागतं. विंडोज १० आणि ११ मध्ये चालू होणं लागोपाठ दोन-तीनदा फसलं की दुरुस्तीचा निळा पडदा सहसा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ नंबर दाबा.

सेफ मोडमध्ये मशीन नीट चाललं तर नुकतंच काय टाकलं ते आठवा. नवा प्रिंटर, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस. ते काढून टाका. सेफ मोडही येत नसेल तर त्याच निळ्या पडद्यावर स्टार्टअप रिपेअर आणि सिस्टीम रिस्टोअर हे दोन पर्याय आहेत. अगदीच शेवटी रिसेट करायची वेळ आली तरी त्यात 'कीप माय फाइल्स' असा पर्याय असतो. प्रोग्रॅम जातात, पण आपल्या फाइली राहतात. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, फाइली उघडायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत असेल, तर ती मरायला टेकलीय. अशा वेळी दुरुस्तीच्या कमांड चालवू नका आणि मशीन सारखं बंद-चालू करू नका. डिस्क बाहेर काढून, यूएसबीच्या कन्व्हर्टर केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आधी डेटा उतरवून घ्या.

डेस्कटॉप येऊन अडकत असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअप या भागात आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. नको ते डिसेबल करा. सी ड्राईव्ह गच्च भरलाय का तेही बघा.

पाच-दहा मिनिटं चालून मग अडकत असेल तर तापतोय असं समजा. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. मशीन बंद करून, पंखा बोटानं धरून, ब्लोअरनं धूळ उडवा. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली पेस्ट वाळून जाते, ती नवी लावून घ्यावी.

विजेचं विसरू नका

आपल्याकडं लाईट न सांगता जाते आणि आली की झटका देऊन येते. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाईट गेली की फाइली तुटतात. यूपीएस आहे पण बॅटरी मेलेली, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. वायर काढून यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते महिन्यातून एकदा बघा. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. वायरमनकडून ते आधी करून घ्या.

'विंडोज १० बंद झालं' ही सबब

हल्ली आणखी एक गोष्ट ऐकू येते, "विंडोज १० बंद झालंय, म्हणून अडकतंय, नवीन मशीन घ्या." विंडोज १० चा कंपनीकडचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण त्याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले, एवढाच. मशीन त्यामुळं लोगोवर अडकत नाही. बँकेची आणि आधारची कामं करणाऱ्यांनी पुढं बदलाचा विचार जरूर करावा, पण आजच्या बिघाडाचं खापर त्यावर फोडू देऊ नका.

दुकानात न्यायचीच वेळ आली तर

घरातून निघण्यापूर्वी अडकलेल्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. दुकानात गेल्यावर तीन गोष्टी सांगा. एक, कोणत्या टप्प्यावर थांबतो. दोन, त्याच्या आधी काय नवीन लावलं किंवा टाकलं होतं. तीन, डेटा आधी काढायचा, विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. ही तिसरी गोष्ट पावतीवर लिहून घ्या. आपल्यासमोर एकदा चालू करून दाखवायला सांगा, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

मशीन आज नीट चालत असेल तर आजच एक काम करा. हिशोब, कागदपत्रं, घरचे फोटो यांची एक नक्कल पेन ड्राईव्हवर आणि एक दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवा. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, हेही ठेवू नका. माझ्याकडं आता दर रविवारी हे काम घरच्यांनी अंगावर घेतलंय, आणि काम झालं की कार्ड रीडर काढून खिळ्याला अडकवतात.