नव्वद इंचांची गाडी

“दादा, तू तिकडे चाललाच आहेस, तर त्याला चार गोष्टी सांग. तुझं ऐकतो तो,” असं निघताना बहिणीने मला बजावलं होतं. २०१९ सालची गोष्ट. तिचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. चांगली नोकरी, बायको, दोन मुली, आणि एक नाद. माझदा मियाटा या चिमुकल्या दोन सीटांच्या गाडीतलं मूळ इंजिन काढून त्याने शेव्हर्लेचं भलंथोरलं व्ही-८ बसवलंय. सुट्टीच्या दिवशी ती गाडी घेऊन तो ट्रॅकवर जातो. बहिणीच्या झोपेचं खोबरं त्यामुळेच.

मी आयुष्यभर बँकेत कर्जं मंजूर केली, म्हणून आधी आकडे विचारले. मूळ इंजिन १.६ लिटरचं, नवं ६.२ लिटरचं. टॉर्क, म्हणजे चाक पिळून फिरवण्याची ताकद, सव्वाचारपट. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मात्र तेवढंच, २२६५ मिलिमीटर, म्हणजे एकोणनव्वद इंच. आपली मारुती ८०० याहून जेमतेम चार बोटं आखूड.

हा उद्योग नवा नाही. कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा माणूस. १९५९ची ल मान्सची शर्यत जिंकलेला, पण हृदयविकारामुळे १९६० साली त्याने शर्यती सोडल्या. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या, उघड्या गाडीत १९६२मध्ये त्याने फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ बसवलं आणि ‘कोब्रा’ जन्माला आली. तिचा व्हीलबेस नव्वद इंच. एवढ्यावर भागेना, तेव्हा त्यात सात लिटरचं इंजिन घालून बघायचं ठरलं. १९६४मध्ये सेब्रिंगच्या सरावात केन माइल्ससारख्या कसलेल्या चालकाने ती गाडी थेट झाडावर घातली. पुढच्या वर्षी सात लिटरची कोब्रा आली ती सांगाड्याचे नळ तीन इंचांचे चार इंच करून, जुन्या पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा घालून. नव्वद इंच मात्र नव्वदच राहिले.

मॉन्टेरेजवळच्या लगूना सेका ट्रॅकवर मी त्याच्याबरोबर गेलो. तिथे ‘कॉर्कस्क्रू’ नावाचं प्रसिद्ध वळण आहे. रस्ता डावी-उजवीकडे वळता वळता सुमारे साठ फूट खाली कोसळतो. माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. पण घात झाला शेवटच्या, अकराव्या वळणावर. दिसायला ते अगदी साधं. संथ, डावीकडे काटकोनात.

वळण पुरतं सुटायच्या आत त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीची मागची बाजू उजवीकडे सरकली. त्याने स्टीअरिंग उलटं फिरवलं, हे बरोबरच. मग घाबरून पाय एकदम उचलला. मागच्या टायरांनी तत्क्षणी रस्ता धरला, पण पुढची चाकं अजून उजवीकडेच बघत होती. गाडी चाबकासारखी दुसरीकडे फेकली गेली आणि दोन गिरक्या घेऊन मातीत उलट्या तोंडाने उभी राहिली. धूळ खाली बसेपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

एसटीची मागची बाजू घसरली तर ड्रायव्हरला सावरायला क्षणभर तरी मिळतो. आखूड गाडी तेवढीही उसंत देत नाही. शिवाय पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि हे झुकणं आखूड गाडीत जास्त. म्हणजे जी गोष्ट माणूस घाबरल्यावर आपसूक करतो, तीच इथे सर्वांत वाईट.

संध्याकाळी त्याच्या खर्चाची वही चाळली. आमच्या शाखेत पूर्वी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्यासाठी कर्ज मागायला लोक येत. अर्जात इंजिनाची किंमत असे, ब्रेकची कधीच नसे! पोरगा त्या मानाने शहाणा. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, रेडिएटर, सगळं बदललेलं. मागचे टायर मात्र झिजेपर्यंत वापरलेले. मी त्यावर बोट ठेवलं.

“टायर आणतो, मामा. पण खरी चूक पायाची आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवे टायर घालून आणि एक युक्ती करून तो उतरला. अकरावं वळण दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये. त्यामुळे चाकापर्यंत पोचणारा जोर कमी होतो आणि पायाला थोडी माफी मिळते. स्टीअरिंग सरळ होत जाईल तसतसा पाय दाबायचा, उचलायचा तोही हळूहळू. त्या फेऱ्या बाहेरून मिळमिळीत दिसत होत्या. घड्याळ मात्र आदल्या दिवशीपेक्षा कमी वेळ दाखवत होतं.

रात्री बहिणीचा फोन आला.

“सांगितलंस का त्याला?”

“सांगितलं.”

“काय म्हणालास?”

“घाबरलास तरी पाय एकदम उचलू नकोस म्हणालो.”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.