जंजिरा : बेट आणि शहर

मुलांनो, उर्दूत बेटाला आपण जझीरा म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तो मराठी लोकांच्या तोंडी रुळला आणि त्याचा 'जंजिरा' झाला. मराठीत समुद्रातल्या किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. आपल्या रायगड जिल्ह्यात तर एका शहराच्या नावातच हा शब्द आहे. त्या शहराचे नाव मुरूड-जंजिरा. मुरूड हे शहर किनाऱ्यावर आहे आणि जंजिरा हा किल्ला पाण्यात आहे. मग दोघांचे नाव एकत्र कसे आले?

आधी आपल्या वाडीपासून सुरुवात करू. हिरकणीवाडी रायगडाच्या पायथ्याशी आहे. गडावर पडलेला पाऊस काळ आणि गांधारी या नद्यांतून वाहतो आणि महाडजवळ सावित्री नदीला मिळतो. सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाते. याच खाडीपर्यंत पूर्वी जंजिरा संस्थानाची हद्द होती. म्हणजे आपल्या डोंगरातले पाणी जंजिऱ्याच्या सीमेवरूनच समुद्राला मिळत असे.

बाणकोटच्या उत्तरेला राजपुरीची खाडी आहे. तिच्या तोंडाशी समुद्रात एक खडकाळ बेट आहे. त्यावर सुमारे 22 एकरांत जंजिरा किल्ला उभा आहे. त्याचा तट थेट पाण्यातून वर येतो. मुख्य दरवाजा राजपुरीच्या दिशेला आहे. पण तो दोन बुरुजांच्या आड असल्याने होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. समुद्राच्या बाजूला एक लहान दरवाजा आहे. त्याला दर्या दरवाजा म्हणतात. चारी बाजूंना खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. हे तलाव नसते, तर एवढा भक्कम तट असूनही तेथे माणसांना राहता आले नसते.

या बेटावर प्रथम कोळी लोकांची वस्ती होती. चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी लाकडी मेढेकोट उभारला. राम पाटील हा त्यांचा नायक होता, असे सांगतात. पुढे बेट अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले आणि सोळाव्या शतकात तेथे दगडी किल्ला बांधला गेला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेथे सिद्दींचा अंमल बसला. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले. अरबी-उर्दूत ज्या देशाला हबश म्हणतात, तो म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. त्यावरून त्यांना हबशी म्हणत आणि त्यांच्या मुलखाला हबसाण असे नाव पडले. हे लोक दर्यावर्दी होते. आरमाराच्या बळावर त्यांनी बेट राखले.

शिवाजी महाराजांनी जंजिरा जिंकण्याचा अनेकदा प्रयत्न केला. सिद्दीवर वचक राहावा म्हणून त्यांनी मुरूडसमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगड टाकून वाट करण्याचे काम सुरू केले. परंतु मोगल फौजा स्वराज्यात शिरल्यामुळे त्यांना परत फिरावे लागले. 1689 मध्ये रायगड मोगलांनी घेतला आणि पुढे तो सिद्दीच्या ताब्यात गेला. 1733 मध्ये मराठ्यांनी रायगड परत मिळवला. अशा रीतीने डोंगरातला गड आणि समुद्रातला किल्ला यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

मात्र बेटाचे पोट बेटावर भरत नाही. खडकावर भात पिकत नाही. धान्य, लाकूड, कापड सारे किनाऱ्यावरूनच न्यावे लागे. लढायांचा काळ संपल्यावर तटाची गरजही कमी झाली. कारभार मुरूडला आला आणि नवाबांनी तेथे राजवाडा बांधला. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर किल्ल्यावरची उरलीसुरली वस्तीही किनाऱ्यावर आली. आज किल्ल्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. राजपुरीहून शिडाच्या होड्या प्रवाशांना तेथे नेतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा ही वाहतूक बंद असते.

मुरूडला आज नगरपरिषद आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 हजारांच्या वर होती. मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि पर्यटन यांवर अनेक घरे चालतात. शहराला डोंगरातल्या गारंबी धरणाचे पाणी मिळते. हे धरण नवाबांच्या काळातले आहे. जवळच फणसाडचे जंगल आहे. ते पूर्वी नवाबांचे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. जंगल टिकले तर डोंगरात पाणी मुरते आणि ओढे-झरे अधिक काळ वाहतात.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. मुरूड आणि श्रीवर्धन भागातल्या घरांची छपरे उडाली, नारळ-सुपारीची असंख्य झाडे आडवी झाली. नारळाचे रोप लावले, तरी फळ धरायला काही वर्षे जातात. त्यामुळे एका दिवसाच्या वादळाचे नुकसान लोकांना पुढे कितीतरी वर्षे सोसावे लागते. शत्रूला अडवणारा तट वादळाला अडवू शकत नाही. तेथे झाडे, पक्की घरे, वेळेवर मिळालेली सूचना आणि शेजाऱ्यांचा आधारच उपयोगी पडतो.

आता मुरूड-जंजिरा या नावाचा अर्थ आपल्या ध्यानात येईल. बेटाने किनाऱ्याचे रक्षण केले आणि किनाऱ्याने बेटाला अन्न पुरवले. बेट रिकामे झाले, तरी शहराने त्याचे नाव टाकून दिले नाही. मुलांनो, तुमच्या वाडीचे पाणी कोठून येते, धान्य कोठून येते आणि तिचे नाव कशावरून पडले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मिळालेली माहिती मराठीत दहा वाक्यांत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.