गव्यापुढे रिव्हॉल्व्हर : मोठ्या काडतुसांचा हिशेब

रायगड जिल्ह्यातले फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान. तसेच कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूर. आज दोन्ही ठिकाणी अभयारण्ये आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली आहे. तरीही मोठ्या जनावरासाठी रिव्हॉल्व्हरचे काडतूस केवढे असावे, या जगभर चालणाऱ्या वादाचे मूळ हिंदुस्थानातल्या रानांत सापडते. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे साहेब हौद्यात आखूड, जाड नळीचे पिस्तूल ठेवत. ‘हौदा पिस्तूल’ म्हणून ओळखली गेलेली ही हत्यारे .577 इंचासारख्या मोठ्या बोरची असत. मात्र वाघ मारायचा तो रायफलने. जखमी होऊन तो हत्तीवर झेपावला, तरच हात पिस्तुलाकडे जाई. हत्याराची ही पायरी तेव्हाच ठरली आणि नंतरच्या दीडशे वर्षांत काडतुसे कितीही तगडी झाली, तरी ती बदललेली नाही.

काडतुसे तगडी झाली, हे मात्र खरे. आपल्याकडच्या परवानाधारकांकडे सर्रास दिसणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरची गोळी साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर असते आणि तिची ऊर्जा जेमतेम दीडशे ज्यूल भरते. अमेरिकेत 1955 च्या सुमारास बाजारात आलेल्या .44 मॅग्नमने हा आकडा तेराशेच्या आसपास नेला. .454 कसूल चोवीसशेपर्यंत पोहोचले आणि 2003 मध्ये आलेल्या .500 स्मिथ अँड वेसनने तीन हजारांचा टप्पा ओलांडला. म्हणजे आपल्याकडच्या .315 रायफलची बरोबरी कागदावर तरी झाली. यात नावातला आकडा फसवा आहे. .44 ची गोळी प्रत्यक्षात .429 इंचाची असते, तर .500 ची अर्ध्या इंचाची. रुंदीतला फरक दोन मिलिमीटरही नाही. खरा फरक गोळीच्या वजनात, वेगात आणि नळीतल्या दाबात आहे. .44 मॅग्नमचा कमाल दाब दर चौरस इंचाला 36 हजार पौंड, तर .454 चा 65 हजार. एवढ्या दाबाच्या काडतुसासाठी चक्री आणि चौकट भक्कमच लागते, त्यामुळे हत्यार जड होते. .500 चे लांब नळीचे रिव्हॉल्व्हर दोन किलोंच्या घरात जाते आणि तरीही त्याचा धक्का मनगटाला सोसवत नाही.

आता यापुढे सह्याद्रीतला गवा उभा करून पाहावा. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साडेपाच फुटांहून उंच आणि वजनाने टनाच्या जवळपास. जाड कातडे, खांद्याचे स्नायू आणि हाड भेदून गोळी फुफ्फुसापर्यंत किंवा काळजापर्यंत गेली, तरच जनावर लवकर पडते. म्हणून इथे ऊर्जेपेक्षा गोळी किती खोल शिरते, याला महत्त्व आहे. लवकर फुलणारी पोकळ टोकाची गोळी वरच्या मांसातच थांबू शकते. कठीण शिशाची, सपाट टोकाची, वजनदार गोळी सरळ आत जाते. त्यामुळे नीट निवडलेली गोळी घातलेले .44 हे चुकीची गोळी घातलेल्या .500 पेक्षा सरस ठरू शकते. शिवाय गोळी लागली पाहिजे ती नेमक्या जागी. रिव्हॉल्व्हरला खांद्याचा आधार नाही, नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीमधले अंतर अपुरे, आणि धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच हात दचकतो. काडतूस मोठे केले की ताकद वाढते आणि नेम बिघडतो. हा व्यवहार तोट्याचा आहे.

अमेरिकेत याच काडतुसांनी अस्वले आणि बायसन मारले जातात, असे कोणी म्हणेल. मारले जातात, पण बहुधा थोड्या अंतरावरून, वर्षानुवर्षे सराव केलेल्या हातांनी आणि शिकाऱ्याने मुद्दाम पत्करलेल्या मर्यादेत. हत्यार सक्षम आहे, एवढेच त्यातून कळते. ते योग्य आहे, हे सिद्ध होत नाही. आफ्रिकेत अनेक ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी .375 मॅग्नम रायफल ही किमान पात्रता मानली जाते आणि तिची ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलांच्या वर असते.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आणि अधिक वजनदार आहे: रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, त्याचे काय? शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे आणि कायद्यातही तिला जागा आहे. कलम 11 नुसार ठरावीक परिस्थितीत अशी जनावरे मारण्याची लेखी परवानगी मिळते. पण ते काम खांद्याला लावून झाडायच्या बंदुकीचे. गव्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या बाबतीत तर आधी पकडणे, भूल देणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, याची मुख्य वन्यजीव रक्षकाला खात्री पटावी लागते. कायद्याने गोळी शेवटी ठेवली आहे. आणि त्या शेवटच्या गोळीतही जनावर जखमी होऊन रानात शिरणार नाही, ही हमी सर्वांत आधी हवी. अर्धमेला गवा माणसालाही घातक आणि त्याच्या स्वतःच्या वाट्यालाही हाल. ही हमी देणे रायफललाच जमते. मोठ्या रिव्हॉल्व्हरची तुलना करायचीच, तर ती जीव वाचवण्याच्या कामापुरती करावी. शिकारीच्या यादीत त्याला रायफलशेजारी बसवण्याचा आधार ना त्याच्या आकड्यांत आहे, ना इतिहासात.