खोडदच्या तबकड्यांचा नेम

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळलं की शेतांपलीकडे प्रचंड तबकड्या दिसू लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जीएमआरटी दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 खोडदजवळ दाटीने, उरलेल्या 16 तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. त्याच्या कितीतरी आधी, 1965 मध्ये, त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या 32 लहान तबकड्या कल्याणला मांडून सूर्याचा वेध घेतला होता.

जवळ गेल्यावर कळतं, तबकडी आरपार दिसते. पत्रा नाहीच, ताणलेल्या दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी बसवली आहे. इथे टिपल्या जाणाऱ्या सर्वांत आखूड रेडिओलहरीही साधारण 20 सेंटीमीटर लांबीच्या. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या भोकांतून त्या निसटत नाहीत, वारा मात्र निघून जातो. त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही घटले. मला या दुर्बिणीतली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

पण तबकडीचा आकार कितीही अचूक असला, तरी नेम चुकला तर सगळं फुकट. 21 सेंटीमीटरच्या लहरींवर एका तबकडीला पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान तुकडा दिसतो. पृथ्वी फिरते, आकाश मिनिटाला 15 कला, म्हणजे पाव अंश, सरकू शकतं; तबकडी थांबली तर रेडिओस्रोत दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर जातो. म्हणून मोटरी तिला आडवीही फिरवतात, वर-खालीही, आणि त्या सतत चालू राहतात.

लोखंड स्वतःच्या वजनाने थोडं वाकतं, अक्ष किंचित कलतो आणि नेम ढळतो. ही चूक शोधायची कशी? आकाशालाच विचारायचं. ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असा तेजस्वी रेडिओस्रोत घ्यायचा आणि तबकडी त्याच्यावरून हळूहळू न्यायची. संकेत चढतो, कळसाला पोचतो, उतरतो. कळस जिथे यायला हवा होता आणि जिथे आला, त्यांतला फरक म्हणजे त्या तबकडीची चूक. ती संगणकाला सांगितली की पुढचा नेम सुधारतो. प्रत्येक तबकडीची चूक वेगळी, म्हणून हिशेबही वेगळा. लहरी जिथे एकवटतात त्या नाभीजवळचा संग्राहकही नेमक्या जागी हवा; तो बाजूला सरकला तर तबकडी बरोबर रोखूनही नजर भलतीकडे जाते.

इतक्या कष्टाने पकडलेला क्षीण संकेत जवळच्या मोबाइलमुळे बुडू शकतो. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जरूर जा, आणि आवारात शिरण्यापूर्वी फोन बंद करा.