निशादर्शक उपकरणे

अत्यल्प प्रकाशात किंवा अंधारात पाहण्यासाठी वापरण्यात येणारी इलेक्ट्रॉनीय साधने. यांचे मुख्य प्रकार दोन. प्रतिमा-तीव्रकात चंद्रताऱ्यांच्या मंद प्रकाशाने प्रकाशसंवेदी ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, सूक्ष्म नलिकांच्या पट्टिकेत त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते व अनुस्फुरक पडद्यावर बहुधा हिरवी प्रतिमा उमटते. संपूर्ण अंधारात त्यास अवरक्त दिव्याची जोड लागते. ऊष्मीय प्रकार वस्तूंनी उत्सर्जित केलेले अवरक्त प्रारण टिपतो. त्यास प्रकाश लागत नाही. मात्र खिडकीच्या काचेपलीकडील दृश्य त्यात दिसत नाही.

त्यामुळे खासगी ग्राहकाने विवर्धनापेक्षा वापराची परिस्थिती प्रथम विचारात घ्यावी. रायगड जिल्ह्यातील कासूसारख्या गावी चांदण्या रात्री शेताचे बांध व पायवाटा तीव्रकातून स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात आभाळ भरून आले की प्रतिमा कणीदार होते. अशा वेळी गुरे वा वन्य पशू ऊष्मीय साधनाने चटकन ओळखू येतात. तथापि मुसळधार पावसात व दाट धुक्यात त्याचाही पल्ला घटतो.

तीव्रकाची किंमत मुख्यतः नलिकेवर अवलंबून असते. प्रखर प्रकाशाने नलिकेस इजा होते. म्हणून जुने उपकरण घेताना प्रतिमेतील काळे डाग तपासणे इष्ट ठरते. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुण्यातील उपकंपनीत (स्थापना १९९०) अशा नलिका तयार होतात.